आवाजाची खुंटी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा कामगार चळवळीतला मनुष्य म्हणजे वेतन, बोनस नाहीतर नव्या श्रमसंहिता यांवर बोलणार, असे त्यांनी गृहीत धरले असावे. आम्ही कळविले की, संगणकाच्या पडद्यावर आवाज लहानमोठा करण्यासाठी जी एवढीशी पाटी उघडते, ती चांगली कशी करावी यावर आम्ही बोलू. त्यानंतर चिटणिसांचा दोनदा फोन आला. एकदा विषय नीट ऐकू आला की नाही याची खात्री करण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा आमची प्रकृती कशी आहे हे विचारण्यासाठी!

विषय हाच आहे आणि तो आम्ही गंमत म्हणून घेतलेला नाही. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते यंत्रमागाच्या शेडमध्ये, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयात. संगणकाचे शास्त्र आम्ही कॉलेजात जाऊन शिकलेलो नाही. परंतु यंत्रापुढे आठ आठ तास काढणाऱ्या माणसाचे यंत्राशी कोठे जमते आणि कोठे बिनसते, हे पाहण्यात आमची तीस वर्षे गेली. पूर्वी ही माणसे मागावर होती, आता त्यांची मुलेमुली संगणकावर आहेत. पाळी तीच, मुकादमही बहुधा तसाच. यंत्र तेवढे बदलले.

आता असे पाहा. दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत एक मुलगी संगणकावर बसली आहे. समोर वीस माणसांची रांग. एवढ्यात तिच्या संगणकातून कसल्याशा जाहिरातीचे गाणे मोठ्याने सुरू होते. तिने ते लावलेले नाही. कोठल्या तरी उघड्या पानावर ते आपोआप लागले आहे. ती कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर बाण नेते, तेथे भलतेच काही उघडते. ती ते मिटते, पुन्हा शोधते. रांगेतले लोक हसतात. आतल्या खोलीतून साहेब मान वर करून पाहतात. मुलगी ओशाळी होते. वास्तविक ओशाळायला हवे ते ती पाटी बनविणाऱ्याने. पण तो हजारो मैलांवर बसलेला असतो, आणि त्याच्या कानांवर हा प्रसंग कधीच जात नाही.

त्या मुलीला त्या क्षणी तीनच गोष्टी हव्या होत्या. हा आवाज कोण करते आहे? तो कोणत्या तोंडातून, म्हणजे स्पीकरमधून की हेडफोनमधून, येतो आहे? आणि त्याला ताबडतोब गप्प कसे करायचे? या तीन प्रश्नांची उत्तरे जी पाटी एका नजरेत देते ती चांगली, आणि जी देत नाही ती कितीही देखणी असली तरी वाईट. आमची कसोटी एवढीच आहे.

या पाटीला संगणकवाले 'मेनू' म्हणतात. हा शब्द आपल्याला हॉटेलामुळे ठाऊक आहे. हॉटेलातल्या मेनूवर काय लिहिलेले असते? मिसळ, कांदाभजी, चहा. जे गिऱ्हाइकाला खायचे आहे ते. आता समजा, आपण खुर्चीवर बसलात आणि पोऱ्याने आपल्यापुढे यादी ठेवली: कढई, झारा, परात, शेगडी क्रमांक दोन. आपण काय म्हणाल? १९९५ साली निघालेल्या 'विंडोज ९५' या प्रणालीत, आणि तिच्या मागून आलेल्या काही आवृत्त्यांतही, आवाजाची जी मोठी खिडकी उघडे, ती अशी स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी होती. घड्याळाशेजारी पिवळसर रंगाचा कर्णा असे. त्यावर एकदा टिचकी मारली की एकच सरकपट्टी आणि आवाज बंद करण्याची एक चौकट येई. हे फार सुरेख होते. त्याचे श्रेय द्यायला हवे. पण दोनदा टिचकी मारली की मोठी खिडकी उघडे आणि तीत ओळीने उभे खांब: 'वेव्ह', 'मिडी', 'सीडी ऑडिओ', 'लाइन-इन'. हे सर्व ध्वनीच्या कार्डाचे अवयव होते. कार्ड बनविणाऱ्या इंजिनियरला त्यांची ओळख होती. बँकेतल्या कारकुनाला 'मिडी' या नावाचा प्राणी कशाशी खातात याची दाद ना फिर्याद. गाणे मोठे झाले तर 'वेव्ह' खाली ओढायची, आणि त्याच गाण्याची तबकडी खणात घातली असेल तर मात्र 'सीडी ऑडिओ' ओढायचे. एकाच गाण्याला दोन कान, आणि कोणता पिळायचा ते गिऱ्हाइकाने ओळखायचे!

याच्या उलट उदाहरण अकरा वर्षे अगोदरचे आहे. १९८४ साली निघालेल्या मॅकिंटॉश संगणकात आवाजासाठी शून्य ते सात अशी एक लहानशी उभी पट्टी होती. तेथे शब्द जवळजवळ नव्हतेच. चित्रच बोलत होते. आणि एक गोष्ट आम्हांला विशेष आवडते. पट्टी शून्यावर नेली, तर सूचनेची घंटा वाजण्याऐवजी पडद्याची वरची पट्टी लुकलुके. आवाज बंद केला म्हणून माणसाला मिळणारी खबर बंद केली नाही. बहिऱ्या माणसालाही ती खबर पोचली. असा विचार ज्याला सुचतो, त्याने कधी तरी एखाद्या बहिऱ्या माणसाशेजारी बसून काम केले असले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

खांबांची नावे बदलायला २००७ साल उजाडले. 'विंडोज व्हिस्टा' ही प्रणाली एकंदरीत लोकांना रुचली नाही, पण तिच्यात आवाजाच्या खिडकीत भांड्यांऐवजी पदार्थ आले. जे जे काम त्या वेळी आवाज करीत असेल त्याचे नाव, त्याचे चित्र आणि त्याची स्वतंत्र पट्टी. गाणे वाजविणारा वेगळा, बोलणे चालविणारा वेगळा. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे, कोण आवाज करते आहे याचे, उत्तर मिळू लागले. तेही अपुरे होते, कारण एका न्याहाळकात वीस पाने उघडी असली तर त्यांपैकी कोणते पान बोलते आहे हे कळत नसे. ती सोय २०१४ साली क्रोमने केली: बोलणाऱ्या पानाच्या माथ्यावर लहान कर्णा दिसू लागला. पुढल्या वर्षी फायरफॉक्सने त्या कर्ण्यावर टिचकी मारताच पान गप्प होईल असे केले. दवाखान्यातल्या मुलीचा अर्धा प्रश्न त्या एका चित्राने सोडवला.

परंतु यंत्राच्या जगात मिळालेली सवलत परतही घेतली जाते. आम्हां युनियनवाल्यांना हे नवे नाही. २०२१ साली 'विंडोज ११' आली, तेव्हा आवाज, इंटरनेट आणि बॅटरी या तिघांना एकाच बटणात कोंबण्यात आले आणि कामांच्या स्वतंत्र पट्ट्या सेटिंगच्या पोटात दूर नेऊन ठेवल्या. दिसायला सुबक झाले, हाताला लांब पडले. लोकांनी कुरकुर केली. शेवटी २०२३ साली त्या पट्ट्या पुन्हा जवळ आणून दिल्या. दोन वर्षे तगादा लावल्यावर जुनाच भत्ता परत मिळावा, तसे हे झाले.

आता थोडे कानाविषयी बोलले पाहिजे, कारण पट्टी हाताने सरकते पण तिचा न्याय कान करतो. आपण पूर्वी रेडिओचा कान पिळत होतो. त्या खुंटीच्या आत कार्बनची एक पट्टी असे. ती बनविणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: कानाचा हिशेब सरळ बेरजेचा नाही. आवाजाची शक्ती दसपट झाली, म्हणजे डेसिबलच्या मापाने दहा वाढले, तर कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणून त्या कार्बनपट्टीचा अडथळा मुद्दाम असा ठेवीत की, खुंटी फिरेल त्या मानाने कानाला फरक जाणवावा. संगणक आला आणि ही शहाणीव काही ठिकाणी हरवली. कार्यक्रम लिहिणाऱ्याने सोपा हिशेब केला: पट्टी अर्ध्यावर तर ध्वनिलहर अर्धी. कागदावर बरोबर. पण लहर अर्धी झाली की डेसिबल सहाच उतरतात, आणि कानाला आवाज सुमारे दोन तृतीयांश उरल्यासारखा वाटतो. पट्टी शंभरातल्या दहावर आणली तरी कानाला चौथाई आवाज येतच राहतो, आणि उरलेली सारी उतरण त्या शेवटच्या दहात कोंबलेली असते. रात्री घरात मूल झोपलेले असते, आपण पट्टी केसभर हलवता आणि आवाज एकदम नाहीसा होतो. पुन्हा केसभर हलवता आणि मूल जागे होते. यात आपल्या बोटाचा दोष नाही.

लिनक्स प्रणालीवर पल्सऑडिओ नावाची जी व्यवस्था २००४ पासून घडत गेली, तिच्या कर्त्यांनी यावर साधा तोडगा काढला: पट्टीच्या आकड्याचा घन करावयाचा. पट्टी अर्ध्यावर असेल तर लहर एक अष्टमांश. याने अगदी तंतोतंत निम्मा आवाज होतो असे नाही, तो निम्म्याहूनही कमी वाटतो. पण खालच्या टोकाला बोट स्थिर ठेवायला जागा मिळते, आणि रात्री काम करणाऱ्याला हवी असते ती तीच जागा.

मात्र याच पल्सऑडिओत दुसरी एक युक्ती होती, तिच्याविषयी आमचे मत कडक आहे. कामाची पट्टी आणि सबंध यंत्राची पट्टी यांची तिने एक साखळी केली होती. हेतू चांगला असेल. पण परिणाम असा की, एखाद्या कामाने आपली पट्टी स्वतःहून शंभरावर नेली, तर त्याच्या मागोमाग सबंध यंत्राचा आवाजही शंभरावर जाई. माणसाने हेडफोन कानाला लावलेला, आणि कानात एकदम स्फोट! पुष्कळांनी तक्रारी केल्या. उबुंटूवाल्यांनी ही साखळी मुळातूनच बंद ठेवली आणि शहाणपणा केला. यंत्रातल्या कोणत्याही कामाला स्वतःचा आवाज कमी करण्याची मुभा असावी. पण मालकाच्या, म्हणजे ज्याचे कान आहेत त्याच्या, मर्यादेपलीकडे जाण्याची नसावी.

कानाची गोष्ट आम्ही इतक्या चिकाटीने का सांगतो, तेही ऐका. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. तेथे माणसे तोंडाने बोलत नाहीत, हातवाऱ्यांनी बोलतात. सूत तुटले, कांडी संपली, जॉबर आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. संध्याकाळी घरी गेला की विणकर मोठ्याने बोलतो आणि बायको म्हणते, "अहो, मी काय पलीकडच्या गल्लीत आहे का?" कारखाना कायद्याखालच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही हद्द घालण्यात आली, आणि आवाजाने येणारा बहिरेपणा राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला. पण नोंद होणे निराळे आणि बहिरेपणा सिद्ध करणे निराळे. तो हळूहळू येतो, दुखत नाही, रक्त निघत नाही.

आणि आता हाच आवाज नळीतून थेट कानात जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कानाला लावून ऐकण्याच्या साधनांसाठी जे मानक काढले, त्यात मोठ्या माणसाला आठवड्यातून ४० तास ८० डेसिबल इतके माप धरले आहे. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. ८३ ला २० तास, ८६ ला दहा. ज्याची नोकरीच हेडफोनवर आहे, त्याचे ४० तास तर नोकरीतच संपतात. घरी गाणे ऐकायला शिल्लक काही उरत नाही.

एका शहरातली हकिकत सांगतो. कचेरीचे नाव घेत नाही. तेथे गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकून संगणकात उतरविण्याचे काम चाले. साठसत्तर मुलेमुली, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. आम्ही गेलो होतो पगाराच्या बाबतीत. एक मुलगी उठून म्हणाली, "दादा, पगाराचं मागनं बघू, आधी हा आवाज कमी करून द्या." आम्हांला कळेना. तिने पडदा दाखवला. कर्ण्याची पाटी उघडत होती, पट्टीही दिसत होती, पण करड्या रंगात. बाण लावला तरी हलत नव्हती. व्यवस्थापनाने ती शंभरावर कुलूप लावून ठेवली होती. मधूनच पलीकडच्या टोकाला कोणाचे तरी फॅक्सचे यंत्र लागे आणि त्याची किंकाळी पूर्ण ताकदीने कानात घुसे. एका मुलाच्या कानात त्यानंतर तीन दिवस शीळ वाजत होती.

आम्ही व्यवस्थापकांना विचारले. ते गृहस्थ दुष्ट नव्हते, हे सांगितले पाहिजे. ते म्हणाले, "आवाज कमी करू दिला तर ऐकू आलं नाही अशी सबब सांगतात." आम्ही म्हटले, साहेब, ज्याला सबब सांगायची तो शंभरावरही सांगेल; आणि ज्याला खरोखरच ऐकू येईनासे होईल तो सबब सांगणार नाही, नोकरी सोडून जाईल. चार बैठका झाल्या. शेवटी ठरले ते असे: वरून मर्यादा कंपनीने घालावी, कारण अचानक मोठा आवाज येऊ नये हे तिचेही कर्तव्य आहे. त्या मर्यादेच्या खाली पट्टी कोठे ठेवायची ते मात्र ज्याचे कान आहेत त्याने ठरवावे. छप्पर घालता येईल, जमीन वर उचलता येणार नाही. त्या दिवसापासून आवाजाची पाटी हा आमच्या दृष्टीने कामाच्या अटींतला एक विषय झाला. संगणक बनविणारा जेव्हा 'व्यवस्थापकाने कुलूप लावावे' अशी सोय करतो, तेव्हा कुलूप कोणत्या बाजूने लागेल याचाही विचार त्याने करायला हवा.

यंत्राने आपण होऊन शहाणपणा करण्याचीही एक तऱ्हा आहे. २००९ च्या 'विंडोज ७' पासून असे होते की, संगणकावर फोनसारखे बोलणे सुरू झाले की बाकीचे आवाज आपोआप ८० टक्के खाली उतरतात. कल्पना वाईट नाही. पण पाटीवर त्याचा मागमूस नसतो. माणूस पट्टी पाहतो, ती आहे तेथेच आहे. गाणे मात्र दबलेले. मग तो तारा हलवतो, स्पीकर ठोकतो, शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावतो. पाटीवर एक ओळ लिहिली असती, की बोलणे चालू असल्यामुळे आवाज कमी केला आहे, तर दुरुस्तीवाल्याची एक फेरी वाचली असती. यंत्राने काही केले तर त्याने तोंडाने सांगावे. घरातल्या सुनेकडूनही आपण एवढी अपेक्षा ठेवतो आणि सासूकडूनही ठेवावी.

'म्यूट' या बटणाची कथा तर आपणां सर्वांना ठाऊक आहे. २०२० च्या टाळेबंदीत सारा देश एकमेकांना सांगत होता, "तुमचा माईक बंद आहे." बटणावर रेघ मारलेला माईक दिसतो. याचा अर्थ माईक बंद आहे, की टिचकी मारली तर बंद होईल? चित्र स्थिती सांगते की कृती? इंजिनियर म्हणतात, सवय होते. आम्ही म्हणतो, सवय होईपर्यंत कोणाचे तरी बोलणे वाया जाते, आणि कोणाचे तरी नको ते बोलणे सर्वांना ऐकू जाते. चित्राने स्थिती सांगावी आणि शेजारी सरळ अक्षरात लिहावे: 'तुमचा आवाज बाहेर जात नाही'. जागा लागते, लागू द्या. आणखी एक बारीक गोष्ट. आवाज बंद करून पुन्हा सुरू केला की पट्टी पूर्वी होती तेथेच यावी. शंभरावर येऊ नये. हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते.

भाषेचेही तसेच. इंग्रजीत 'व्हॉल्यूम' म्हणजे आवाजाची पातळी आणि 'व्हॉल्यूम' म्हणजे ग्रंथाचा खंड. कोश उघडून बसलेला भाषांतरकार 'खंड वाढवा' असे लिहून मोकळा होऊ शकतो. 'आउटपुट उपकरण', 'इनपुट उपकरण' हेही मराठी नव्हे, मराठीच्या अंगातला परका सदरा आहे. 'ऐकण्यासाठी' आणि 'बोलण्यासाठी' या दोन शब्दांत ते काम भागते. आणि त्याखाली स्पीकरचे नाव म्हणून कारखान्याचा लांबलचक छापील आकडा नको. 'हेडफोन', 'पडद्यातला स्पीकर', 'टेबलावरचा स्पीकर' असे लिहावे. माणसाला नाव ठेवता आले तर फारच चांगले.

ज्यांच्याविषयी सर्वांत कमी विचार होतो ते दोघे जण आता येतात. पहिला, एका कानाने ऐकणारा. आमच्या शेडमधले कितीतरी विणकर असे आहेत. ज्या बाजूला माग जवळ तो कान आधी जातो. हेडफोनमध्ये डावा आवाज वेगळा आणि उजवा वेगळा असतो, त्यामुळे याला अर्धे गाणे, अर्धे बोलणेच मिळते. दोन्ही बाजू एकत्र करून एका कानाला देण्याची सोय विंडोजमध्येही आहे आणि मॅकवरही आहे. पण ती अपंगांसाठीच्या वेगळ्या दालनात ठेवलेली. आवाजाच्या पाटीवर ती शोधणाऱ्याला सापडत नाही, आणि ज्याला स्वतःचा कान गेल्याचे कबूल करायला जड जाते, तो त्या दालनात पाऊल टाकत नाही.

दुसरा, अंध. आता बँकांत, शाळांत, सरकारी कचेऱ्यांत अंध मंडळी संगणकावर काम करतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारा कार्यक्रम त्यांच्या कानात बोलतो. एनव्हीडीए नावाचा असा एक कार्यक्रम २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झाला, तो फुकट मिळतो. आता विचार करा: या माणसाच्या संगणकाचा आवाज कोणी बंद केला, तर त्याच्या दृष्टीने काय झाले? आपल्या पडद्यावर काळे फडके टाकल्यासारखे झाले. तो पाटी उघडू शकत नाही, कारण पाटी उघडली आहे हेच त्याला सांगणारे कोणी उरले नाही. आमच्या ओळखीच्या एका अंध कारकुनाच्या यंत्राचा आवाज शेजारच्याने सहज, फोनवर बोलायचे म्हणून, बंद केला आणि चहाला निघून गेला. तो बिचारा वीस मिनिटे हात मांडीवर ठेवून बसला होता. यावर उपाय अवघड नाही. वाचून दाखविणारा कार्यक्रम चालू असेल तर 'सर्व बंद' या बटणाने बाकीचे सगळे गप्प व्हावे, तो एक बोलत राहावा. त्याला गप्प करायचे तर त्याची वेगळी खूण असावी.

आता प्रश्न असा की, हे सारे ठरवायचे कोणी? येथे आमच्या चळवळीचा एक इतिहास आहे, तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. नॉर्वेत क्रिस्टेन न्यूगोर म्हणून एक मोठा संगणकशास्त्रज्ञ होता. सिम्युला ही भाषा ज्या दोघांनी घडवली त्यांपैकी तो एक. १९७० नंतरच्या पहिल्याच वर्षांत तो लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर कामाला बसला. कारखान्यात संगणक आणायचा तर तो कसा असावा, हे कामगारांना समजून घेता यावे आणि त्यांना त्यात बोलता यावे, म्हणून. पुढे १९७७ च्या नॉर्वेच्या कायद्यात अशा यंत्रणांची आखणी करताना कामगारांना सामील करून घेण्याची तरतूद झाली. १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी छापखाना कामगारांच्या युनियनबरोबर 'युटोपिया' नावाचा प्रकल्प केला. त्यांना हवे तसे संगणक तेव्हा बाजारात नव्हतेच. मग त्यांनी काय केले? पुठ्ठ्याची खोकी मांडली. एका खोक्यावर लिहिले 'लेसर प्रिंटर'. कागदाचा पडदा केला. आणि जुळारी कामगारांना सांगितले, तुमचे रोजचे काम आहे असे समजून हे वापरून दाखवा. कामगार पुठ्ठ्यावर काम करून दाखवीत आणि म्हणत, हे येथे नको, ते तेथे हवे. पुठ्ठ्याचा गुण असा की, त्याला कोणी भीत नाही. यंत्रापुढे मूक होणारा मनुष्य पुठ्ठ्यापुढे मोकळा बोलतो.

आम्ही गेल्या पावसाळ्यात हा प्रयोग आपल्या युनियनच्या कचेरीत केला. आवाजाची पाटी कागदाची कापली. सरकपट्टीसाठी पोस्टकार्डाची पट्टी, बटणांसाठी शर्टाची बटणे. एकेकाला बसवले आणि म्हटले, समजा गाणे वाजते आहे आणि साहेबांचा फोन आला, काय कराल? आणि आम्ही मागे उभे राहिलो, तोंडाला कुलूप लावून. हे सर्वांत अवघड काम. पुढाऱ्याला गप्प बसणे जमत नाही! पाचसहा जणांतच पुष्कळसे कळून चुकले. जवळजवळ प्रत्येकाने आधी वरच्या मोठ्या पट्टीला हात घातला, नावांची यादी मागून पाहिली. म्हणून मोठी पट्टी सर्वांत वर आणि तिच्या डोक्यावर ती कोणत्या स्पीकरची आहे त्याचे नाव. एका बाईने बटण इतके लहान का, असे विचारले. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मोजून दाखवले होते की, ठिकाण जितके लहान आणि लांब तितका तेथे हात पोचायला वेळ लागतो. त्या बाईने फिट्स वाचलेला नव्हता. तिच्या बोटांना संधिवात होता. दोघांचे उत्तर एकच. वयस्क विणकरांना आकडे हवे होते, तरुणांना नुसते चित्र चाले. आम्ही दोन्ही ठेवले. नमुन्याचे ध्वनी, सुधारणा, बारीक जुळवण्या हे सगळे कोणी विचारलेही नाही. ते एका शेवटच्या ओळीच्या आड ठेवले: 'आणखी'. शंभराच्या पुढे नेण्याची सोय ठेवावी की नाही, यावर मात्र दोन तट पडले. कमी ऐकू येणारे म्हणतात ठेवा. आम्ही म्हणालो, पुढे गेले की लहरींचे माथे छाटले जातात आणि आवाज फाटतो. शेवटी शंभरावर एक जाड रेघ मारली आणि बोट तेथे अडकेल, पुन्हा उचलून ढकलावे लागेल, असे केले.

एका गोष्टीचा निर्णय अजून झालेला नाही. आवाज बंद असताना वाढवण्याचे बटण दाबले, तर आवाज सुरू व्हावा की नुसती पट्टी सरकावी? अंध मित्र म्हणतात, सुरू झाला पाहिजे. रात्रपाळीच्या परिचारिका म्हणतात, मुळीच नाही. पेशंट झोपलेले असतात. दोघांचेही खरे आहे.

तो कागदी मेनू आम्ही बरोबर आणला आहे. व्याख्यान संपल्यावर तो दाराजवळच्या टेबलावर मांडून ठेवू. वाचनालयाच्या दोन मुली तेथे वही घेऊन बसतील. ज्यांचा एक कान अधू आहे, ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, ज्यांनी संगणकाला आजवर हात लावलेला नाही, त्यांनी आधी यावे. इंजिनियर मंडळींनीही यावे, पण रांगेत शेवटी उभे राहावे, आणि पुढचा मनुष्य अडला तर त्याला सांगू नये.